सकाळी मूठ वळत नाही तेव्हा

हा हात बघा. महिना ३० चा की ३१ चा हे मोजायला आपण मुठीवरचे उंचवटे धरतो ना, तिथे थोडी सूज आहे. कॅमेऱ्यात फारशी दिसणार नाही, पण डॉक्टरांनी अंगठ्याने दाबलं की ती मऊ लागते, हाडासारखी टणक नाही, आणि पेशंट लगेच हात मागे घेते. रुमॅटॉईड आर्थ्रायटिस (आरए) हा सांधे सुजवणारा आजार बरेचदा इथूनच सुरू होतो. बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पायाच्या बोटांचे सांधे. नखाजवळचं शेवटचं पेर सहसा सुटतं. आणि बहुतेक वेळा दोन्हीकडे, आज डावा हात धरला तर थोड्या दिवसांत उजवाही.

खरी गोष्ट सकाळची विचारली की कळते. कुकरचं झाकण लागत नाही, ब्लाऊजचे हुक लागत नाहीत, दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही, आणि अकरापर्यंत हात जरा मोकळे झाले की घरातले म्हणतात, आत्ता तर चांगली होतीस की! वयानुसार गुडघे झिजतात त्यात याच्या उलट असतं, सकाळचा कडकपणा थोड्या वेळात जातो आणि चालचाल चालल्यावर दुखणं वाढतं. इथे मात्र तास तास बोटं आखडलेली राहतात आणि हालचाल केली की बरं वाटतं.

आत काय चाललेलं असतं? सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. आपलीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर चालून जाते, अस्तर सुजून जाड होतं आणि कडेकडेने कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी), मग हाड कुरतडायला लागतं. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त. घराण्यात असेल किंवा सिगरेट-बिडी असेल तर धोका वाढतो. पुणे-सोलापूर रोडवर भिगवण आहे, हो, फ्लेमिंगो बघायला जातात तेच, तिथे १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने घरोघरी जाऊन सांधेदुखीचा सर्व्हे केला होता. मोठ्या माणसांत साधारण हजारी पाच जणांना हा आजार निघाला. आकडा छोटा वाटतो, पण पाच हजार मोठी माणसं असलेल्या गावात ही पंचवीसएक घरं झाली.

आणि त्या घरांत निदान आधीच झालेलं असतं, वात. मग वांगं बंद, हरभऱ्याची डाळ बंद, आंबट बंद, फ्रिजचं पाणी बंद, निर्गुडीचा शेक सुरू. शेकाने बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही, पण कुरतडणं थांबत नाही. भीती वाटते ती पुडीची. कुणीतरी सांगतं अमुक गावात एक जण पुड्या देतो, दोन दिवसांत फरक. फरक पडतोच हो, कारण अशा बिननावाच्या पुड्या तपासल्यावर त्यात स्टिरॉईड सापडलेलं आहे! या औषधाची जादू १९४८ मध्येच दिसली होती, अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिझोन हे स्टिरॉईड दिलं आणि ती थोड्या दिवसांत चालायला लागली, हेंच यांना १९५० ला नोबेलही मिळालं. साइड इफेक्ट लगोलग दिसायला लागले ते वेगळं. गोल चेहरा, वाढलेली शुगर, ठिसूळ हाडं, आणि महिनोन् महिने खाऊन पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळूही शकतो.

आता रिपोर्टचं. आरए फॅक्टर ही रक्ताची टेस्ट, ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, पॉझिटिव्ह आली म्हणून अडकलो असंही नाही. आजार असूनही निगेटिव्ह येणारे बरेच असतात, आणि म्हातारपणात, टीबीत, कावीळ करणाऱ्या काही व्हायरसमध्ये ती उगाचच पॉझिटिव्ह येते. अँटी-सीसीपी ही रक्ताची दुसरी टेस्ट जास्त भरवशाची. सोबत अंगातली सूज किती आहे ते सांगणाऱ्या ईएसआर, सीआरपी. एक्स-रे सुरुवातीला नॉर्मल असू शकतो, तो हातात धरून 'काही नाही' म्हणत घरी जाऊ नका. युरिक अ‍ॅसिड तर प्रत्येकाच्या फाईलमध्ये असतं, ते गाऊटसाठी, म्हणजे युरिक वाढून होणाऱ्या वेगळ्या सांधेदुखीसाठी. आपल्याकडे अजून एक घोळ म्हणजे चिकुनगुनिया, तापानंतर महिनोन् महिने सांधे सुजतात आणि हुबेहूब असंच दिसतं, म्हणून डॉक्टर ताप कधी आला होता, सूज सहा आठवड्यांच्या पुढे गेलीये का, हे खोदून खोदून विचारतात. हे सगळं जुळवणारा डॉक्टर म्हणजे रुमॅटोलॉजिस्ट, आणि पहिल्या काही महिन्यांत तिथे पोचलात तर हाड वाचवता येतं.

औषधांत पहिली येते मेथोट्रेक्सेट. छोटी पिवळी गोळी, स्वस्त, आणि आठवड्यातून एकदाच. परत सांगते, आठवड्यातून एकदा, रोज नाही. एक वार ठरवा, समजा रविवार, कॅलेंडरवर गोल करा, घरातल्या अजून एकाला सांगून ठेवा. चुकून रोज घेतली तर तोंडभर फोड येतात, पांढऱ्या पेशी घसरतात, यात माणसं दगावलेली आहेत. लोक नेटवर नाव टाकतात, कॅन्सरचं औषध म्हणून दिसतं आणि डबी कपाटात जाते. कॅन्सरमध्ये डोस फार मोठे असतात, इथे ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्याला. आणि हे औषध ज्या कामातून आलं ते १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली झालं, पण त्यांचं नाव आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर थोडं स्टिरॉईड, डॉक्टरांच्या हिशोबाने आणि उतरवत नेलेलं. गोळीच्या दिवशी मळमळतं, फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी घेतात, दारू टाळायची, ठरावीक दिवसांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि लिव्हरची टेस्ट. मूल हवं असेल तर आधी सांगा, मेथोट्रेक्सेट काही महिने आधी बंद करावी लागते, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलॅझिन या आजाराच्या दुसऱ्या गोळ्या चालू ठेवता येतात. दर व्हिजिटला डॉक्टर २८ सांधे मोजतात, किती दुखतात, किती सुजलेत. आकडा खाली येत नसेल तर औषध वाढवतात किंवा बदलतात. मग बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली औषधं. ती महाग, पण त्यातल्या अ‍ॅडालिमुमॅबचं स्वस्त भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतंजुळतं औषध) २०१४ पासून मिळतंय. ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची टेस्ट लागतेच, कारण आपल्यातल्या कितीतरी जणांच्या अंगात टीबी झोपलेला असतो आणि या इंजेक्शनने तो उठू शकतो. टोफासिटिनिबसारख्या याच आजाराच्या गोळ्यांत नागीण निघण्याचा धोकाही वाढतो.

बरं वाटलं की लोक पहिली गोष्ट करतात ती गोळी बंद. डॉक्टर मात्र आधी स्टिरॉईड काढतात, सांधे बरेच महिने शांत राहिले तरच बाकीचं हळूहळू कमी करतात, आणि बऱ्याच जणांना थोडा डोस चालूच ठेवावा लागतो. ज्यांची बोटं आधीच वाकडी झालीयेत त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजची कामं वेगळ्या पद्धतीने करायला शिकवतात, बरणीचं झाकण बोटांनी न फिरवता तळहाताने दाबून फिरवायचं, पातेलं दोन हातांनी उचलायचं, सुरीची मूठ कापड गुंडाळून जाड करून घ्यायची.