गरोदरपण, गोवर आणि ६५ वर्षांपूर्वीचं पुरळ

नमस्कार श्रोतेहो. गरोदर बाईच्या आसपास कुणाला गोवर निघाला, की घरातली थोरली माणसं पहिल्यांदा विचारतात, "हिला लहानपणी येऊन गेलाय ना?" प्रश्न अगदी नेमका आहे. का, ते सांगायला मी तुम्हाला उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर नेते.

साल १८४६. कोपनहेगनहून एक सुतार तिथे उतरला आणि त्याच्याबरोबर गोवरही उतरला. ६५ वर्षं त्या बेटांवर गोवर नव्हता. काही महिन्यांत पावणेआठ हजार वस्तीपैकी सुमारे सहा हजार माणसं आजारी पडली. डेन्मार्क सरकारनं दोन डॉक्टर धाडले. त्यांतला पीटर पानुम जेमतेम पंचविशीचा. विषाणू म्हणजे काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पानुम गावोगाव जायचा आणि तारखा विचारायचा. त्योर्नुविक गावचे दहा जण ४ जूनला वेस्टमान्नाला देवमाशांच्या शिकारीत सामील झाले होते. १८ जूनला दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. बरोबर चौदा दिवस! संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, हे आजही आपण तसंच धरतो. माणसांजवळ बसून, त्यांना बोलू देऊन मिळालेलं हे ज्ञान आहे. मला तर वाटतं, आजही तपासणीच्या खोलीत ऐकण्याला आणखी वेळ मिळायला हवा. असो.

खरी गंमत पुढे आहे. १७८१च्या साथीत गोवर येऊन गेलेले ९८ म्हातारे पानुमच्या माहितीत आले. ६५ वर्षांनी, घरोघरी गोवर असताना, त्यांतल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही. एकालाही नाही! आणि त्यांच्याच वयाचे, पण तेव्हा गोवर न झालेले? त्यांना गोवरानं उतारवयात गाठलं.

म्हणून तो प्रश्न. गोवर येऊन गेला असेल किंवा लशीचे दोन्ही डोस झाले असतील, तर सहसा काळजी नको. आठवत नसेल तर रक्ताच्या तपासणीत कळतं. लशीचं कार्ड मात्र मुलगी मोठी झाली तरी टाकू नका, तिच्या हाती द्या.

गरोदरपणी गोवर झाला तर आईला न्यूमोनिया होऊ शकतो, गर्भपात किंवा वेळेआधी बाळंतपण होऊ शकतं. आणि लस गरोदरपणात देत नाहीत, कारण तिच्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. पुन्हा सांगते, गरोदरपणात ही लस नाही. ती आधी घ्यायची आणि निदान महिनाभर थांबायचं. राहून गेली तर बाळंतपणानंतर घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालते. घरातल्या मुलांची लस मात्र थांबवू नका, त्यांच्या लशीतून तुम्हाला गोवर होत नाही.

आईची प्रतिकारशक्ती वारेतून बाळाला मिळते, काही महिने पुरते.

संपर्क आलाच, तर पुरळाची वाट पाहू नका. सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांचं, इंजेक्शन देता येतं. सहा दिवस, लक्षात ठेवा. मात्र दवाखान्यात थेट जाऊ नका, आधी फोन करा. गोवराचा रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू खोलीतल्या हवेत राहतो, आणि तिथे बाकावर आणखी गरोदर बाया बसलेल्या असतात.