रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवताना काय बिघडतं

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा स्टॉक असो, निपाणीच्या वखारीतली तंबाखूची आवक असो की खानापूरकडच्या एखाद्या पतसंस्थेची थकबाकीची यादी असो, सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर रिपोर्ट चोख दिसतो. एक्सपोर्ट करून फाइल एक्सेलमध्ये उघडली की बेरीज येत नाही, तारखा उलटतात, सभासदांची नावं वाचता येत नाहीत. याचं मूळ असं की रिपोर्ट कागदासाठी मांडलेला असतो. कोणता आकडा पानावर कुठे आणि किती रुंदीत छापायचा, हे त्यात ठरलेलं असतं. एक्सेलला हवं असतं वेगळंच: या सेलमध्ये संख्या आहे, तारीख आहे की नुसता मजकूर? ते कोणी सांगितलं नाही की एक्सेल अंदाज बांधतं. तो अंदाज बांधायची वेळ येऊच द्यायची नाही, एवढ्याचसाठी आजचं बोलणं आहे.

सुरुवात सीएसव्हीपासून करू, कारण सगळ्यांत मोठं नुकसान तिथं होतं आणि ते मुकाट्यानं होतं. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. कॉलमचा प्रकार नोंदवायला त्यात जागाच नाही. डबल-क्लिक केलंत की एक्सेल दिसेल त्यावरून ठरवतं. काजूचा एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड, 0801 आहे, तो 801 होतो. बेळगावचा एसटीडी कोड 0831, त्याचं 831 होतं. बाराव्या पुस्तकातली अकरावी पावती 12-11 अशी लिहिली असेल तर ती 12 नोव्हेंबर होऊन बसते. फाउंड्रीतला हीट नंबर, म्हणजे धातूच्या एका वितळणीचा नंबर, बघा. मध्ये रोमन ई घालून 24ई08 असा लिहिला असेल, तर एक्सेल तो 24 गुणिले दहाचा आठवा घात असा वाचतं. सेलमध्ये 2.4ई+09 दिसतं, फॉर्म्युला बारमध्ये 2400000000. आता कॉलम टेक्स्ट केला तरी मूळ नंबर परत येत नाही, कारण शीटमध्ये तो उरलेलाच नसतो. त्यावर सेव्ह दाबलं की मूळ सीएसव्हीतूनही गेला.

बँक खात्यांचं तर फार जपावं लागतं. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले 15 अंकच सांभाळतं. खाते क्रमांक 16 अंकी असेल तर शेवटच्या अंकाचं शून्य होतं. म्हणजे शेवटच्या एकाच अंकानं वेगळी असलेली दहा खाती एका नंबरची होतात. 12 ते 15 अंकी नंबर ई+ अशा रूपात दिसले तर घाबरू नका. ते नुसतं दिसणं आहे, फॉरमॅट 'नंबर' करून दशांश शून्य ठेवले की पूर्ण नंबर दिसतो. आणखी एक खाच आहे. खाते क्रमांक नीट टेक्स्ट म्हणून आणला, तरी दुबार नोंदी शोधायला काउंटइफ वापरलंत तर ते फंक्शन आतल्या आत त्याची संख्या करतं आणि पहिले 15 अंक जुळले की दुबार म्हणून मोजतं. शोधायच्या किमतीला अँपरसँडनं (&) तारकेचं चिन्ह ("*") जोडलं की तुलना मजकुराची होते आणि मोजणी बरोबर येते.

म्हणून सीएसव्हीवर डबल-क्लिक करायचं नाही. कोरी वर्कबुक उघडा, 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल निवडा. 'फाइल ओरिजिन'ला 65001 म्हणजे यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या साठवता येणारी अक्षरांची पद्धत, एन्कोडिंग) ठेवा आणि 'डेटा टाइप डिटेक्शन'मध्ये प्रकार ओळखू नको असं सांगणारा शेवटचा पर्याय निवडा. सगळं मजकूर म्हणून येईल. मग 'ट्रान्सफॉर्म डेटा'मध्ये फक्त रकमेचे कॉलम संख्येत बदला आणि तारखेचे कॉलम 'यूजिंग लोकेल' वापरून इंग्लिश इंडियाप्रमाणे. पहिल्यांदा पाच मिनिटं लागतील. पुढच्या महिन्यात त्याच नावाची फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकून 'रिफ्रेश' केलं की झालं.

तो 65001 आपल्या भागात विशेष महत्त्वाचा. एकाच यादीत काही सभासदांची नावं मराठीत, काहींची कन्नडमध्ये असतात. फाइल यूटीएफ-8 असली पण सुरुवातीला तशी खूण नसली, तर डबल-क्लिक केल्यावर एक्सेल तिला जुन्या विंडोज एन्कोडिंगची समजतं आणि दोन्ही लिप्यांच्या जागी टोप्या-टिंबांची रोमन अक्षरं येतात. ती नावं पुसून पुन्हा टाइप करत बसू नका. मूळ फाइलमध्ये नावं शाबूत असतात, वर सांगितलं तसं पुन्हा आणा. जुना डेटा श्री-लिपीतला किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टातला असेल तर दुखणं वेगळं आहे. तिथं आत खरोखरच रोमन चिन्हं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी-कन्नडचा चेहरा देतो. त्यासाठी युनिकोड कन्व्हर्टरच लागतो आणि तो प्रत्येक फॉन्टचा वेगळा.

तारखांचं नीट ऐका. संगणकाची रिजन सेटिंग अमेरिकन असेल तर 04-05-2024 म्हणजे 4 मे ही 5 एप्रिल होते. 13-05-2024 मात्र तशीच मजकूर म्हणून राहते, कारण तेरावा महिना नसतो. ओळखायची खूण सोपी: खऱ्या तारखा सेलच्या उजव्या कडेला टेकतात, मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये दोन्ही दिसले की तो कॉलम टाकून द्या आणि फाइल पुन्हा आणा. डावीकडच्या तेवढ्या दुरुस्त करायचा मोह होतो, पण उजवीकडच्या आधीच उलटलेल्या असतात आणि कर्जाचे थकीत दिवस त्यांच्यावरूनच मोजले जातात. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला एक्सपोर्टमध्ये तारीख 2024-05-04 अशी, वर्ष आधी, द्यायला सांगा. सेटिंग कुठलीही असो, ती बरोबरच वाचली जाते.

नावे-जमेची, म्हणजे डेबिट-क्रेडिटची, भानगड तितकीच घातक. काही हिशेबी सॉफ्टवेअर सेलमध्ये फक्त 48250 पाठवतात आणि पुढचं नावे किंवा जमा हे नंबर फॉरमॅटमधून दाखवतात. सेलवर क्लिक करून फॉर्म्युला बार पाहा, तिथं नुसता आकडा दिसेल. बेरीज घेतली की नावे आणि जमा एकत्र मिळवले जातात. नावे आणि जमा असे दोन वेगळे कॉलम मागून घ्या.

मर्ज झालेल्या सेलमुळे सॉर्ट अडतं, त्याचं कारण रिपोर्टच्या डिझाइनमध्ये असतं. शीर्षकाची चौकट खालच्या कॉलमच्या कडेपासून किंचित सरकली असली तरी एक्सपोर्टमध्ये तेवढ्या फरकाचा एक बारीक कॉलम तयार होतो आणि बाकीचे त्याच्यावर मर्ज होतात. डिझाइनमध्ये सगळ्या चौकटींच्या डाव्या कडा एका रेषेत आणा. क्रिस्टल रिपोर्ट्स या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता डेटा देणारा वेगळा एक्सेल पर्याय आहे, तो वापरा. छापायला पीडीएफ घ्या.

उघडताना फॉरमॅट आणि एक्सटेन्शन जुळत नाही असा इशारा आला, तर बहुधा ती एचटीएमएलची तक्ता-फाइल असते, फक्त नावाच्या शेवटी एक्सएलएस, म्हणजे एक्सेलचा जुना फाइल-प्रकार, लावलेला. एक्सएलएसएक्स या नव्या प्रकारात सेव्ह करून घ्या, पण शून्यं आणि तारखा आधी तपासा, अंदाज तिथंही बांधला गेलेला असतो.

खऱ्या जुन्या एक्सएलएसमध्ये 65,536 ओळी आणि 256 कॉलम एवढंच मावतं. एक्सएलएसएक्समध्ये 10,48,576 ओळी. 2020 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या आकडेवारीतून जुन्या एक्सएलएसच्या याच मर्यादेमुळे कोरोनाचे 15,841 रुग्ण काही दिवस गळाले होते. वर्षभराची खतावणी एक्सएलएसमध्ये घेतलीत आणि शेवटची ओळ नेमकी 65,536 वी निघाली, तर पुढचं कापलं गेलं असं धरून चला.

कोल्हापूरच्या ऑडिटरकडे किंवा बेंगळूरच्या कचेरीत फाइल पाठवण्याआधी सॉफ्टवेअरमधल्या रिपोर्टची ओळींची संख्या, नावे बाजूची बेरीज आणि जमा बाजूची बेरीज कागदावर लिहून घ्या. शीटमध्ये रकमेच्या कॉलमवर काउंट आणि काउंटए दोन्ही लावा. काउंट फक्त संख्या मोजतं, काउंटए भरलेला प्रत्येक सेल. शीर्षकाची ओळ सोडून दोन्ही उत्तरं सारखी नसतील, तर जेवढा फरक तेवढ्या रकमा मजकूर होऊन बसल्या आहेत. बहुतेकदा आकड्याच्या शेवटी 160 क्रमांकाची न दिसणारी स्पेस चिकटलेली असते. ती ट्रिमनं जात नाही, सबस्टिट्यूट फंक्शनमध्ये कॅर(160), म्हणजे CHAR(160), देऊन काढता येते.