नाव पुकारलं जाईपर्यंत: मामा अवॉर्ड्सची गोष्ट

29 नोव्हेंबर 2023, जपानचा टोकियो डोम, कोरियन पॉप गाण्यांचा मामा अवॉर्ड्स हा सोहळा. अल्बम ऑफ द इयर म्हणून सेव्हन्टीन या कोरियन ग्रुपचं नाव पुकारलं जातं आणि स्टेजवर पोरं रडायला लागतात. ग्रुप तेरा जणांचा, पण लीडर एस कूप्स आणि जंगहान दोघंही दुखापतीमुळे त्या रात्री तिथे नाहीत. 2015 च्या मे महिन्यात डेब्यू झालेला हा ग्रुप, त्याआधी कितीतरी दिवस एका हिरव्या भिंतींच्या प्रॅक्टिस रूममधून इंटरनेटवर लाइव्ह दिसायचा, कंपनी छोटी, पैसा कमी, आणि आज आठ वर्षांनी हातात मामाचा पहिला डेसांग. डेसांग म्हणजे सगळ्यात मोठा पुरस्कार, कोरियन गाण्यांच्या जगात याच्या वर काही नाही.

मग ग्रुपमधला सुंगक्वान बोलतो आणि आभार मानता मानता आपल्या मित्राचं नाव घेतो. अॅस्ट्रो ग्रुपचा मूनबिन, जो त्याच वर्षी एप्रिलमध्ये हे जग सोडून गेला. मी हे लाइव्ह बघत होते, जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे त्यामुळे तिकडची रात्र म्हणजे आपली ऐन संध्याकाळ, घरात सगळे आपापल्या कामात, आणि मी फोनसमोर नुसती बसून. ते दोन मिनिटांचं भाषण मी त्यानंतर किती वेळा बघितलं याला हिशोब नाही.

म्हणूनच हा व्हिडिओ. मामा म्हटलं की लोकांना लाइट्स, डान्स, कपडे एवढंच आठवतं. मला वाटतं या सोहळ्यातली सगळ्यात खरी गोष्ट म्हणजे माइकसमोरची ती दोन मिनिटं.

आता थोडं मागे जाऊ. 1999 साली एमनेट या म्युझिक चॅनलने सोलमध्ये हा सोहळा सुरू केला तेव्हा पुरस्कार म्युझिक व्हिडिओंसाठी होते. कोरियात जुना मान गोल्डन डिस्क या पुरस्काराचा, तो 1986 पासून चालू आहे आणि त्याचा पहिला डेसांग गायक चो योंग-पिल यांना मिळाला होता. एमनेटचा सोहळा त्या मानाने पोरसवदाच. 2004 मध्ये केएम चॅनलबरोबर एकत्र आले, नाव बदललं, आणि 2009 मध्ये परत बदलून झालं एमनेट एशियन म्युझिक अवॉर्ड्स, म्हणजेच मामा. तिथून पुढे तो देशाबाहेर निघाला, 2010 ला मकाऊ, 2011 ला सिंगापूर, मग बरीच वर्षं हाँगकाँग. 2022 मध्ये नावातलं एशियन गेलं, 2024 ला तर एक दिवस थेट लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्ये, आणि पुढचे दोन दिवस जपानच्या ओसाकाला.

हे सगळं अभिमानाचं आहेच, पण कोरियातल्या साध्या फॅनचं काय, हा प्रश्न मला सारखा पडतो. आपल्याच देशाचा सोहळा बघायला तिला आधी विमानाचं तिकीट काढावं लागतं.

विजेते ठरतात कसे, तर गाणी किती ऐकली गेली, अल्बम किती विकले गेले, जज काय म्हणतात आणि काही कॅटेगरींमध्ये फॅन्सचं वोटिंग, असं सगळं मिळून. आणि यावरून भांडणं झालीच आहेत. 2009 ला एसएम एंटरटेनमेंटसारख्या मोठ्या कंपनीने निकाल कसे ठरतात यावर शंका घेतली आणि आपले कलाकार पाठवलेच नाहीत. 2019 चं तर जास्त दुखतं. एमनेटच्याच प्रोड्यूस या रिअॅलिटी शोमध्ये लोकांची मतं फिरवल्याचं बाहेर आलं, नोव्हेंबरमध्ये निर्मात्यांना अटक झाली आणि डिसेंबरमध्ये जपानच्या नागोयाला मामा झालं तेव्हा त्या शोमधून आलेले आयझवन आणि एक्सवन हे ग्रुप तिथे नव्हते. ज्या मुलींनी आणि मुलांनी रात्रंदिवस मेहनत केली त्यांची चूक काहीच नव्हती, आणि ज्यांनी मनापासून मतं दिली त्यांचीही नव्हती.

तरी लोक बघतात, कारण त्यांना माहीत असतं की त्या स्टेजवर पोचायला काय लागतं. 2016 मध्ये हाँगकाँगला बीटीएसला आर्टिस्ट ऑफ द इयर मिळाला, मामातला त्यांचा पहिला डेसांग, 2013 ला डेब्यू झालेली छोट्या कंपनीची सात पोरं, नाव ऐकून ढसाढसा रडली. दोन वर्षांनी, 14 डिसेंबर 2018, परत हाँगकाँग, परत तोच पुरस्कार. आता तर ते जगभर गाजलेले, वाटलं आनंदाचं भाषण होणार. आणि त्यांच्यातला जिन सांगतो की वर्षाच्या सुरुवातीला आम्ही मनाने इतके थकलो होतो की ग्रुप बंद करायचा विचार चालला होता. बाकीचे मागे उभे राहून डोळे पुसतायत. लाखो फॅन्सना त्या क्षणी कळलं की आपण ज्यांना बघून खूश होत होतो ते आतून कुठे होते.

2020 ला प्रेक्षकच नव्हते. कोरोनामुळे सगळं कोरियातच, पाजूमध्ये झालं. बीटीएसच्या शुगाच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, तो येऊ शकत नव्हता, तर टेक्नॉलॉजीने त्याची आकृती तयार करून त्याला सहा जणांच्या मध्ये उभं केलं. काहींना ते विचित्र वाटलं, मला नाही वाटलं. सातव्याची जागा रिकामी ठेवायची नाही, एवढंच त्यात दिसलं.

आणि मग 2025. तीनेक दिवस आधीपर्यंत सगळी तयारी झालेली, हाँगकाँगचं नवीन काय टाक स्टेडियम, पन्नास हजारांची जागा, तारखा 28 आणि 29 नोव्हेंबर. 26 तारखेला शहराच्या ताय पो भागात वांग फुक कोर्ट या रहिवासी टॉवर्सना आग लागली, शंभरावर माणसं गेली. सोहळा करायचा की नाही यावर खूप वाद झाला आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटत होतं. शेवटी रेड कार्पेट रद्द केलं, झगमगाट कमी केला आणि कार्यक्रम ठेवला.

त्या वर्षीचा आर्टिस्ट ऑफ द इयर गायक जी-ड्रॅगनला मिळाला. हाच पुरस्कार त्याने 2013 ला घेतला होता, तोही हाँगकाँगलाच. मध्ये बारा वर्षं गेली.

पण मला त्या दोन दिवसांतलं आधी आठवतं ते पहिल्या दिवसाची सुरुवात. होस्ट पार्क बो-गम स्टेजवर येतो, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी सगळं स्टेडियम उभं राहून मौन पाळतं.