दाराजवळची खुर्ची

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. माझ्या खोलीत माझी सोडून पाच खुर्च्या आहेत. कुणी कुठे बसायचं हे मी कधीच सांगत नाही, कारण निम्मी हकिगत तिथेच कळते. तुम्हाला एका कुटुंबाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आई, बाबा, मोठी मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा. मुलगा दोन महिने शाळेत जात नव्हता. सकाळ झाली की पोटात दुखायचं. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, रिपोर्ट नॉर्मल होते.

मुलगा आई-बाबांच्या मधोमध बसला. मुलगी दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन, केव्हाही उठता येईल अशी. आईने सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच बाबा म्हणाले, “आधी लाडावून ठेवलंस, आता निस्तर.” आई म्हणाली, “तुम्ही असता कधी घरात?” दोघांचे आवाज चढले. तेवढ्यात मुलाचा हात पोटाकडे गेला. “दुखतंय का रे?” दोघांनी एकदम विचारलं आणि भांडण तिथेच थांबलं. पाऊण तासात हे तीनदा झालं. पहिल्यांदा माझ्या लक्षातही आलं नाही, हे कबूल करते.

पोरगं नाटक करत होतं का? नाही. त्याला खरंच दुखत होतं. फक्त त्या दुखण्याला घरात एक काम मिळालं होतं आणि ते कुणी ठरवून दिलेलं नव्हतं.

आपल्याला सरळ रेषेत विचार करायची सवय असते. आई ओरडते म्हणून मुलगा बिथरतो. मुलाला विचारा, तो हेच सांगेल. आईला विचारा, ती म्हणेल तो बिथरतो म्हणून मला ओरडावं लागतं. दोघंही खरं बोलतात. वर्तुळाची सुरुवात कुठून झाली हे शोधत बसलात तर न्यायाधीश व्हाल, घर काही समजणार नाही.

कुटुंबाकडे असं वर्तुळासारखं बघण्याची दृष्टी साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर आली. यंत्रं स्वतःला कशी आवरतात याचा अभ्यास तेव्हा जोरात होता. इस्त्री आठवा. तापली की थर्मोस्टॅट वीज तोडतो, गार झाली की जोडतो. अमेरिकेतल्या डॉन जॅक्सन या मनोविकारतज्ज्ञाने १९५७ मध्ये मांडलं की कुटुंबही असाच आपला तोल राखत असतं. त्याच्या पाहण्यात विचित्र गोष्ट आली होती. रुग्ण बरा व्हायला लागला की कधीकधी घरातलं दुसरंच माणूस आजारी पडायचं. मरे बोवेन हा दुसरा अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ तर १९५४ पासून स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराच्या) रुग्णांसोबत त्यांच्या आयांना आणि पुढे अख्ख्या कुटुंबांना वॉर्डात राहायला आणत होता. त्याला दिसलं की दोन माणसांमधला ताण वाढला की तो फार काळ दोघांत राहत नाही. तिसरं कुणीतरी ओढलं जातं. नवरा-बायकोत मूल, दोन बहिणींत आई, सासू-सुनेत मुलगा. याला तो त्रिकोण म्हणायचा. चौघांच्या घरात जोड्या सहा आणि त्रिकोण चार. आणखी एक माणूस आलं की जोड्या दहा, त्रिकोणही दहा. नवीन बाळ किंवा नवीन सून आली की घर का ढवळून निघतं, हे या गणितातूनही थोडं कळतं.

पण मला सगळ्यात हलवून गेला तो कुटुंबांवर उपचार करणारा मनोविकारतज्ज्ञ साल्वाडोर मिनुचिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात केलेला एक प्रयोग. मधुमेह असलेल्या मुलांचे आई-बाप एका खोलीत वाद घालत. मूल आरशासारख्या दिसणाऱ्या काचेपलीकडून ते बघत असे. मग त्याला आत बोलावत. या सगळ्या वेळात प्रत्येकाच्या रक्तातल्या मुक्त मेदाम्लांचं (चरबीतून रक्तात सुटणाऱ्या घटकांचं) प्रमाण मोजत, कारण ताण आला की ते वाढतं. काही घरांत असं दिसलं की मूल आत आल्यावर आई-बापांचा आकडा उतरू लागला आणि मुलाचा चढतच राहिला. अभ्यासातली कुटुंबं थोडी होती, नंतर त्यावर टीकाही झाली, त्यामुळे त्याला सिद्धान्त म्हणून डोक्यावर घेऊ नका. मला मात्र त्या आकड्यांत माझा पोटावर हात ठेवणारा मुलगा दिसतो.

आता आमच्याच लोकांच्या चुका. या विचाराच्या नादात एक मोठा अन्याय झालेला आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनियाला कारण ठरणारी आई अशी कल्पना वापरली आणि पुढची कित्येक वर्षं मुलाच्या आजारपणाने आधीच खचलेल्या बायका अपराधी म्हणून डॉक्टरांसमोर बसल्या. आज आपल्याला माहीत आहे की त्या आजारात आनुवंशिकतेचा आणि मेंदूतल्या घडामोडींचा वाटा मोठा आहे. घरातलं वातावरण आजार सुसह्य किंवा असह्य करू शकतं, पण आईने आजार निर्माण केला ही कल्पना टिकलेली नाही. दुसरी चूक आजही होते. नवरा मारतो आणि समुपदेशक म्हणतो, “टाळी एका हाताने वाजत नाही.” मला या म्हणीचा राग येतो. भांडण दोघांचं असू शकतं, हात उगारणं एकाचंच असतं. तिथे वर्तुळ काढत बसायचं नाही, आधी मार खाणाऱ्याला सुरक्षित करायचं.

मग करायचं काय? घराला बदल नको असतो आणि त्यात दुष्टपणा नसतो. दारू सोडलेल्या माणसाला बायको एखाद्या दिवशी म्हणते, “पीत होतात तेव्हा निदान बोलत तरी होतात.” तिला त्याने पुन्हा प्यावं असं वाटत नसतं. पण वर्षानुवर्षं पैसे, मुलं, नातेवाईक सगळं तिने एकटीने सांभाळलेलं असतं आणि आता हा शुद्धीत बसून हिशेब विचारतो. तिची घरातली जागाच हलते. म्हणून एखाद्याने वागणं बदललं की पहिले काही आठवडे बाकीचे त्याला जुन्या जागी ढकलतात, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाही तर माणूस समजतो, आपलंच चुकलं.

त्या कुटुंबात मी फार काही केलं नाही. तिसऱ्या भेटीत मुलाला म्हटलं, “तू जरा बहिणीशेजारी बसतोस का?” तो उठला, पण बाबांकडे बघून. आई-बाबांच्या मधली खुर्ची रिकामी झाली आणि दोघांना एकमेकांकडे बघावं लागलं. पाच मिनिटं कुणीच बोललं नाही. मग विषय निघाला तो शाळेचा नव्हता. बाबांची नोकरी चार महिन्यांपूर्वी डळमळली होती, त्यांनी घरात सांगितलं नव्हतं आणि आईला ते बाहेरून कळलं होतं. मुलांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या. ही गोष्ट गुपित आहे असं फक्त त्या दोघांनाच वाटत होतं.

शाळा लगेच सुरू झाली नाही. आधी दोन तास, मग अर्धा दिवस. मध्ये एक आठवडा पुन्हा बंद, आणि त्याच आठवड्यात आईची पाठ धरली.

सहाव्या भेटीला मुलाने दारातच विचारलं, “मी बाहेर बसू का? मला कंटाळा येतो.” मी हो म्हटलं. आत दोघांचं जुंपलं, चांगलं मोठ्या आवाजात. एकदा दार बोटभर उघडलं. त्याने डोकावून पाहिलं, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही, आणि दार लागलं.