डांबराच्या खाली बघा

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जड वाहतूक आणि डांबरी रस्त्यांच्या चाचण्या’. चाचण्यांकडे येतो, पण आधी काळ्या मातीचं बोलू द्या. मराठवाड्यात रस्ता वरून फुटलेला दिसतो, खचलेला असतो खालून.

आमच्या भागात कारखान्याकडे जाणारा एक रस्ता आहे. नवाकोरा झाला, पावसाळा निभावला. गाळप सुरू झालं आणि संक्रांतीपर्यंत त्याला चाकोऱ्या पडल्या. पण कुठे? फक्त कारखान्याकडे जाणाऱ्या बाजूला! रिकाम्या ट्रॉल्या परततात ती बाजू शाबूत. डांबर तेच, खडी तीच, ठेकेदारही तोच. तीन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवली तर भरल्या बाजूला तिच्याखाली मूठ जात होती. गेटजवळ तर विचारूच नका. तिथे डबल ट्रॉल्या रात्रभर रांगेत उभ्या. पळत्या वजनापेक्षा उभं वजन डांबराला जास्त दाबतं, हे ध्यानात घ्या.

तक्रार केली. उत्तर आलं, मार्शल चाचणीत नमुने पास आहेत. ते खोटं नव्हतं. या चाचणीत डांबर-खडीची वडी दोन्ही बाजूंनी पंचाहत्तर ठोके देऊन बनवतात, अर्धा तास ६० अंशाच्या पाण्यात ठेवतात आणि दाबून फोडतात. वडी पास झाली. वडीखाली काळी माती नव्हती, हजार वेळा फिरणारं चाकही नव्हतं. शेवटी रस्ता आडवा खणला. डांबराचा थर जिथल्या तिथे, मुरूम मात्र मातीत रुतलेला आणि चिखल खडीत वर चढलेला. नाली उसाच्या पाचटाने बुजलेली, साईडपट्टी रस्त्याहून उंच. पाणी जाणार कुठे? त्या नालीवर मी तासभर बोलू शकतो, पण अध्यक्षांची चिठ्ठी आलीय.

तर भराभर सांगतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर लष्करी ड्रायव्हरांनी ट्रक फिरवले. त्यातून निघालं की आसावरचं, म्हणजे ॲक्सलवरचं, वजन दुप्पट झालं तर नुकसान साधारण सोळापट होतं, म्हणजे ते वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. आपल्याकडे २०१८ साली चार टायरांच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन आठवा हिस्सा वाढलं, नुकसान त्याच हिशेबाने साठ टक्के! डांबराच्या थरासाठी व्हील ट्रॅकिंग चाचणी आहे. गरम नमुन्यावरून चाक हजारो वेळा फिरवून चाकोरी मोजतात. बांधून झालेल्या रस्त्यासाठी फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर आहे. वजन आदळून रस्ता किती लवतो ते मोजतात, खणायची गरज नाही.

माझं मागणं एवढंच. रस्ता किती लवतो ते पावसाळा संपताच, भरल्या बाजूला मोजा. मातीचा सीबीआर, म्हणजे ती किती भार पेलते त्याचा आकडा, चार दिवस भिजवूनच काढा. आणि वाहतूक मोजायला मे महिन्यात माणूस बसवू नका, तेव्हा ऊस रस्त्यावर नसतो. डिसेंबरात बसवा, रात्रपाळीलाही, आणि ट्रॉल्यांचे आस वजनकाट्यावर घ्या.