रिझर्व्हची सवय आणि टाकीतला पंप

जुनी कार्ब्युरेटरची मोटारसायकल चालवलेले किती जण आहेत इथे? म्हणजे पुढचं सांगायला सोपं. गाडी गचके द्यायला लागली की चालता चालता हात खाली जायचा, टाकीखालचा कॉक रिझर्व्हवर, म्हणजे राखीव पेट्रोलवर. तेही संपलं की गाडी रस्त्याकडेला आडवी करायची, टाकीत फुंकर मारायची आणि उरलेल्या घोटभर पेट्रोलवर पंप गाठायचा. त्यात गाडीचं फार काही बिघडत नव्हतं. पेट्रोल टाकीतून आपल्याच वजनानं खाली उतरायचं, ढकलणारं मध्ये कोणी नव्हतंच.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराचे नवे नियम आले आणि नव्या दुचाकीही जवळजवळ सगळ्या इंजेक्शनच्या, म्हणजे पंपाच्या दाबानं पेट्रोल फवारणाऱ्या झाल्या. कॉक गेला, टाकी तळाला जाईपर्यंत चालवायची सवय राहिली.

आता टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेली, एक छोटी विजेची मोटर असते, हाच पेट्रोल ढकलणारा पंप. पेट्रोलात वीज म्हटल्यावर भडका कसा उडत नाही, असं लोक विचारतात. मोटरच्या आत पेट्रोल भरलेलं असतं, हवा नसते. आणि वरच्या मोकळ्या जागेतली वाफ एरवी इतकी दाट असते की ती पेट घेत नाही. हेच पेट्रोल मोटरच्या आतून, आर्मेचरला, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला, चाटून पुढे जातं. तिला थंड तेच ठेवतं, वंगणही तेच. कारमध्ये हा पंप साधारण ३ ते ४ बार दाब देतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब).

टाकी रिकामी ठेवली की तळाचा गाळ ओढला जातो, असं गॅरेजमध्ये हमखास सांगतात. मला ते फारसं पटत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पंप ओढतो तळातूनच. गाळ असेल तर तो रोजच जाळीवर येतोय. खरी भीती हवेची. कारमध्ये पंप एका वाटीत उभा असतो आणि पेट्रोल कमी असलं तरी ही वाटी भरलेली राहावी अशी सोय असते. त्यामुळे पेट्रोल कमी झाल्याचा दिवा एकदा लागला म्हणून पंप जळत नाही. पण घाट चढताना, लांब वळणावर, उरलेले चार लिटर एका कडेला जातात, वाटीला भरणा मिळत नाही आणि पंप हवा गिळतो. तेवढा वेळ तो कोरडा फिरतो. ब्रश झिजतात, बेअरिंग तापतं. त्या दिवशी काहीच कळत नाही.

माझ्याच गाडीचं सांगतो. दोनशेचं टाक, तीनशेचं टाक, असं दोन वर्षं चाललं होतं. मागच्या सीटखालून बारीक शीळ यायची, मी म्हटलं टायरचा आवाज. मग कसारा घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी ओढेना. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. शेवटी दाब मोजला तेव्हा चोर सापडला, पंपच. आणि मी आयुष्यभर पोरांना मोटर मेकॅनिक शिकवलंय!

डिझेलवाल्यांचं दुखणं याहून मोठं. आजच्या डिझेल गाड्यांतला कॉमन रेलचा पंप हजाराच्या वर बार दाब तयार करतो आणि त्याला वंगण फक्त डिझेलचं. टाकी कोरडी करून गाडीनं एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, की नुसतं डिझेल ओतून ती बहुतेकदा चालू होत नाही, आधी एअर काढावी लागते. तशीच स्टार्टर मारत बसलात तर पंपाची धातू घासते आणि तो कीस थेट इंजेक्टरमध्ये जातो.

मग किती ठेवायचं? पाव टाकी. वजन वाढतं म्हणून कमी भरणाऱ्यांनी हिशेब करावा: वीस लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे १५ किलो, पहिलीतल्या पोराहूनही कमी.

उद्या सकाळी कारमध्ये रेडिओ बंद ठेवा आणि किल्ली नुसती ऑनवर घ्या, स्टार्ट करू नका. बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. ती कर्कश असेल तर दाब मोजून घ्या. आवाज आलाच नाही आणि गाडीही चालू होत नसेल, तर पंप खोलायच्या आधी फ्यूज आणि रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) बघायला सांगा.