एका माणसापुरतं अवजार

(दृश्य: टेबलावर पांढरा, बोटभर लांबीचा तुकडा. त्यात तिरप्या फटी.)

याला धार नाही, मूठ नाही. तरी हे शस्त्रक्रियेचंच अवजार. सर्जन याला ‘कटिंग गाइड’ म्हणतात. याच्या फटींतून करवत चालवून हाड नेमकं कापायचं.

भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो. तंबाखू, मशेरी, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर उभं राहिलेल्याला ती किती पाळली जाते ते सांगायला नको. रोग खालच्या जबड्यात शिरला, की हाडाचा तेवढा भाग काढावा लागतो. मग चावणं, बोलणं, लाळ आवरणं, सगळंच अवघड होऊन बसतं.

१९८९ साली न्यूयॉर्कचे सर्जन डेव्हिड हिडाल्गो यांनी पायातल्या फिब्युलापासून नवा जबडा उभारण्याची पद्धत मांडली. नडगीशेजारचं हे बारीक हाड. भार बहुतेक नडगीच पेलते, म्हणून ते काढता येतं. घोट्याजवळचा सहा-सात सेंटिमीटर भाग मात्र राखायचा, नाहीतर घोटा डळमळतो.

(दृश्य: पडद्यावर फिरणारं जबड्याचं चित्र.)

पण फिब्युला सरळ, जबडा वळलेला. सुतार चौकटीचा कोपरा जुळवतो तसे तिरपे काप घेऊनच वळण साधायचं. त्यात हे हाड जिवंत. त्याला लगटून रक्तवाहिनी जाते. तिला करवत लागली तर सारी मेहनत वाया.

म्हणून आधी सीटी स्कॅन, जबड्याचा आणि पायाचाही. सर्जन आणि इंजिनिअर शेजारी बसून कॉम्प्युटरवरच हाड कापतात, जुळवतात. जमलं की त्या कापांवरून गाइड आखतात: एक जबड्यासाठी, एक पायासाठी. आतली बाजू त्याच रुग्णाच्या हाडाच्या उंचसखलपणावर बेतलेली, दुसऱ्या कुणाला ती बसायची नाही. फट पात्यापेक्षा किंचित रुंद. घट्ट झाली तर करवत अडकते आणि प्लास्टिकचा भुसा जखमेत पडतो. सैल झाली तर कोन चुकतो. खरं कसब इथे आहे, गाइड छापणाऱ्या थ्रीडी प्रिंटरमध्ये नाही.

छापायला बहुधा नायलॉनची पूड घेतात. लेझर ती थरावर थर सांधत जातो. घरगुती प्रिंटरचं स्वस्त पीएलए प्लास्टिक साठेक अंशांवर मऊ पडतं, आणि अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये तापमान १२१ अंश किंवा त्याहून जास्त.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. पायावर स्क्रूने बसवलेला गाइड.)

हाड पायातच असताना, रक्त वाहत असतानाच काप घेता येतात. मग ते जबड्याच्या जागी बसवून रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांशी मायक्रोस्कोपखाली जोडतात.

एक गोष्ट कॉम्प्युटरच्या हातात नसते. स्कॅन झाला म्हणून गाठ वाढायची थांबत नाही. गाइड यायला उशीर झाला, तर ती आखलेल्या रेषेपलीकडे गेलेली असू शकते. म्हणून काही गाइडमध्ये फटी दोन ठेवतात: एक स्कॅनमधल्या गाठीसाठी, दुसरी तिच्या थोडी पुढे. तशीच जादा फट पायाच्या गाइडलाही लागते. कोणती वापरायची, ते सर्जन प्रत्यक्ष गाठ पाहून ठरवतात.